डब सिनेमातली कृष्णवर्णीय पात्रं नववीच्या वर्गात तपासायची कशी?

पळसफूल (सिंदेवाही तालुका)
नववीत ३१ पोरं आहेत, शनिवारच्या ३५ मिनिटांच्या दोन तासिका मिळतात, शाळेत प्रोजेक्टर आहे. पोरं मोबाइलवर हिंदीत डब केलेले हॉलिवूडचे सिनेमे पाहतात. त्यातला काळा माणूस म्हणजे एकतर गुंड, नाहीतर हिरोचा हसवणारा दोस्त, हे त्यांनी धरूनच ठेवलं आहे. मला भाषण द्यायचं नाही, त्यांच्या हातात काम द्यायचं आहे. पात्र साच्यातलं आहे हे त्यांनी स्वतः पुराव्यानिशी कसं ठरवावं? आणि शब्द कोणता वापरू? ‘निग्रो’ चालतो का?

झाडीतला
आधी शब्दाचं. ‘कृष्णवर्णीय’ म्हणा. पात्र अमेरिकेतलं असेल तर ‘आफ्रिकन अमेरिकन’ही चालेल, पण नायजेरियाच्या माणसाला ते लावू नका. ‘निग्रो’ जुन्या मजकुरात भेटेल. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्यांना अर्पण केली, त्या अर्पणपत्रिकेतही तो आहे. तिथे तसाच वाचायचा, आपल्या वाक्यात घ्यायचा नाही.

आता काम. सहा-सात मिनिटांचा एकच तुकडा निवडा आणि तीनदा लावा. पहिल्यांदा सरळ. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा चित्र बंद करून नुसता आवाज. चार-चार पोरांचे गट करा (एक गट तिघांचा होईल), प्रत्येक गटाला एक पात्र द्या आणि एवढंच लिहायला सांगा: पात्राला नाव आहे का, घर दिसतं का, घरचं माणूस दिसतं का, ते कोणाच्या अडचणीवर धावतं, निर्णय कोण घेतो, गोष्टीतून ते कसं जातं. हाच तक्ता त्या तुकड्यातल्या गोऱ्या पात्रासाठीही भरायचा. जोडीला ताडून पाहायला काही नसेल तर तक्त्यातून काहीच निघत नाही.

हमखास चूक अशी होते की पोरं रकान्यात ‘चांगला’, ‘वाईट’ लिहितात. ते खोडायला लावा. ‘दार उघडतो’, ‘मार खातो’, ‘विचारल्यावरच बोलतो’, असं डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं.

वर्धाकाठ
झाडीतला भाऊंच्या तक्त्यात एक भर. ‘चांगलं’ पात्रही साच्यातलं असू शकतं, आणि पोरं नेमकी तिथेच फसतात. शहाणा, शांत, जादूची ताकद असलेला कृष्णवर्णीय माणूस येतो, गोऱ्या हिरोचं आयुष्य मार्गी लावतो आणि निघून जातो. त्याला स्वतःला काय हवं होतं, हे शेवटपर्यंत कळत नाही. दिग्दर्शक स्पाइक ली यांनी २००१ मध्ये या साच्यावर जाहीरपणे बोट ठेवलं. म्हणून सगळ्यात वजनदार रकाना हा: या पात्राला स्वतःसाठी काय हवं आहे?

साचे आले कुठून, हे दहा मिनिटांत सांगता येतं. १८३०च्या सुमारास थॉमस राइस हा गोरा नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून ‘जिम क्रो’ नावाचं पात्र नाचवायचा. पुढे अमेरिकेत काळ्यांना वेगळं ठेवणारे कायदे झाले, त्यांना हेच नाव पडलं. १९१५ च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या सिनेमात काळ्या पुरुषाला हिंस्र दाखवलं, तेही काजळी फासलेल्या गोऱ्या नटांकडून. त्याच साली कू क्लक्स क्लॅन ही काळ्यांवर हल्ले करणारी गोऱ्यांची संघटना पुन्हा उभी राहिली. मग येते डोक्याला फडकं बांधलेली, मालकाच्या घरासाठी झिजणारी दाई. ‘गॉन विथ द विंड’मधल्या तशाच भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियल यांना १९४० मध्ये ऑस्कर मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार, आणि त्या रात्री त्यांना सिनेमाच्या इतर कलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या टेबलावर बसवलं होतं. हे पोरांना जरूर सांगा. पात्र साच्यातलं म्हणजे नट कमी प्रतीचा, असा अर्थ ती काढतात.

काजळी फासलेल्या तोंडाचं चित्र मात्र पडद्यावर मोठं करून ठेवू नका. वर्गातल्या सावळ्या पोराला मधल्या सुट्टीत त्याच नावानं हाक मारतील. ते तोंडी सांगितलं तरी भागतं, आणि ‘आपल्या वर्गातला कोण तसा दिसतो’ ही तुलना पहिल्या मिनिटालाच बंद करा.

कापूसकोंडा
दोघांनीही डबिंग सोडलं. पोरं ऐकतात तो आवाज मूळ नटाचा नसतो. मूळ इंग्रजी आवाज लावून तोच एक मिनिट पुन्हा ऐकवा. इंग्रजी कळलं नाही तरी सूर कळतो. शांत बोलणारा माणूस हिंदीत टपोरी झाला असेल तर तो साचा इथे चढवलेला आहे, तिथला नाही. आवाजाचा खेळ जुनाच आहे. १९२८ मध्ये शिकागोच्या रेडिओवर सुरू झालेल्या ‘एमॉस अँड अँडी’मध्ये काळ्या पात्रांचे आवाज दोन गोरे नट काढायचे.

सुरुवात मात्र घरून करा, ताई. मराठी सिनेमात वऱ्हाडी बोलणारं पात्र आलं की ते बहुतेकदा हसवायलाच येतं. ‘तुमच्या भाषेत डॉक्टर बोलताना, वकील बोलताना किती पाह्यले?’ एवढं विचारा, पोट्टे लगेच समजतात. पण तिथेच थांबा. बोलीवर हसणं आणि पिढ्यान्‌पिढ्यांची गुलामी सारखी नाही, हे त्याच तासाला सांगितलं पाहिजे.

प्रोजेक्टरचंही पाहा. खिडक्यांतून उजेड येत असेल तर गडद चेहऱ्यावरचे भाव पडद्यावर पुसले जातात आणि पोरं लिहितात, ‘चेहऱ्यावर काही नाही.’ आदल्या दिवशी खिडक्यांना पोती लावून एकदा चालवून बघा.

पळसफूल
खूप मदत झाली. पहिल्या तासिकेला वऱ्हाडीचा प्रश्न आणि तुकडा, दुसरीला तक्ता आणि इतिहास, असं करते. एकाच सिनेमावरून निष्कर्ष काढला तर चालेल का?

झाडीतला
नाही, मॅडम. एका पात्रावरून फक्त शंका घेता येते. किमान तीन वेगवेगळे सिनेमे घ्या, एक तरी कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा, आणि तिन्हींचे तक्ते भिंतीवर शेजारीशेजारी चिकटवा. ‘घर दिसतं का’ हा रकाना आडवा वाचायला लावा.