विदाऊट लायसन्स स्कूटर आणि मागचं गेट

बी-२०३: आज संध्याकाळी मागच्या गेटजवळ आमच्या आईंना स्कूटरचा धक्का लागता लागता राहिला. बॅटरीची गाडी, आवाज नाही, मागून आलेली कळलीच नाही. हातातली पिशवी टाकून त्या भिंतीला टेकल्या. अजून हात थरथरतोय त्यांचा. चालवणारा आपल्याच सोसायटीतला, नववीतला.

सी-५०१: ताई, तो माझा मुलगा. आईंची माफी मागायला आम्ही दोघं येतोच. पण गाडी विदाऊट लायसन्सवाली आहे, नंबर प्लेट लागत नाही असं सांगूनच दुकानदाराने दिली. क्लास चार किलोमीटरवर, रोज सोडायला कोण जाणार?

ए-१०४: दादा, रागावू नका, पण गाडी मी पाहिली आहे. चार्जिंगला लावताना तुमच्या मुलानेच सीट उचलून दाखवली. कंट्रोलरची, म्हणजे मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणाऱ्या डब्याची, एक बारीक वायर कापून टोकाला काळी टेप गुंडाळली आहे. ते स्पीडचं लॉक होतं. आता ४५ ला पळते, असं तो आनंदाने सांगत होता.

लायसन्स, आरसी, विमा न लागण्याची सवलत कशाला आहे? मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत. तिन्ही हवं. आपल्या पुण्यातल्या टेकडीवरच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्था गाडीचं मॉडेल तपासून तसा दाखला देतात. लॉक काढलं की सवलत संपली, कायद्याने ती पेट्रोलच्या स्कूटरसारखीच. फक्त पासिंग नाही, विमा नाही. कुणाला लागलं तर भरपाई तुमच्या खिशातून. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुलगा अल्पवयीन असेल तर पालकाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दंडाचं सोडा. त्या गाडीचे ब्रेक, टायर २५ च्या हिशोबाने दिलेले. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. आज आई वाचल्या. उद्या तुमचंच पोर बसखाली गेलं तर? मला खरंच झोप लागणार नाही.

सी-५०१: काका, वायरचं माहीत नव्हतं हो. 'पिकअप वाढवून देतो' म्हणून दुकानदाराने पाचशे घेतले होते, ते हेच असणार.

डी-३०२: आणि २५ ची असली तरी हेल्मेट घालायला लावा. डोकं आपटायला तेवढा वेग पुरतो. आमच्या घरी हेच झालंय, कपाळावर सात टाके.

बी-२०३: आई म्हणतात, मुलाला मारू नका. पळून गेला नाही तो, रस्त्यावरचे टोमॅटो एकेक गोळा करून दिले त्याने.

सी-५०१: किल्ली माझ्याकडे घेतली आहे. लॉक परत बसवून तसं लेखी घेतो. क्लासला तोवर मीच सोडेन. काका, उद्या दुकानात माझ्यासोबत याल का? मला त्यातलं कळत नाही.

ए-१०४: येतो. साडेदहाला खाली भेटू. बिल आणि गाडीचे सगळे कागद बरोबर घ्या.