बर्बनच्या बॅरलमधली १४ टक्क्यांची काळी बिअर आलीय, फ्रीजमधनं काढून लगेच प्यायची काय?

टिळकवाडीकर:
मंडळी नमस्कार. आमचे भाऊजी शिकागोला असतात, ते संक्रांतीला आलेत आणि येताना गूज आयलंड कंपनीची बर्बन काउंटी स्टाउट (स्टाउट म्हणजे काळी बिअर, ही बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या बॅरलमध्ये मुरवलेली) घेऊन आलेत, अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या. लेबलावर १४ टक्क्यांच्या वर आकडा आहे, वाचूनच गार झालो. तिकडं म्हणे थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी ही दरवर्षी बाजारात येते आणि लोक थंडीत रांगा लावून घेतात. आता शनिवारी एक फोडायचीय, प्यायला आम्ही चौघं, मी, भाऊजी, आमचे अण्णा आणि शेजारचे काका ज्यांनी जन्मभर रमशिवाय दुसऱ्या कशाला हात लावलेला नाही. भाऊजी म्हणतात फ्रीजमधनं काढून अर्धा तास तशीच ठेवायची, त्यावर अण्णा म्हणतात गरम बिअर कोण पितंय रे, बर्फात घाला. दोघांचं काय जमंना झालंय म्हणून इथं विचारूलोय. ग्लास कुठला घ्यायचा, एकेकाला किती द्यायची, सोबत खायला काय? आणि दुसरी बाटली वर्षभर ठेवली तर चालते काय? आमचं घर वरच्या मजल्यावर, एप्रिलात पत्रा असा तापतो की बघायला नको.

रात्रीची_बस_बेंगळुरू:
भाऊजींचं ऐका, अण्णांना कसंतरी समजवा. बर्फ तर अजिबात नको. आपल्याकडची नेहमीची पिवळी बिअर, लागर, थंडगार प्यायची सवय असते कारण त्यात चवीपेक्षा गारवाच महत्त्वाचा, पण ही बिअर थंड असली की वासच सुटत नाही, नुसतं कडू आणि गोड लागतं आणि माणूस म्हणतो एवढ्यासाठी रांग? फ्रीज ४-५ डिग्रीला असतो, हिला १० ते १४ डिग्री बरी. जानेवारीतल्या बेळगावच्या संध्याकाळी अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवली की झालं. तरी मी म्हणेन थोडी थंड असतानाच ओता आणि ग्लासातच तापू द्या, खरी मजा तीच आहे.

ग्लास फुगीर पोटाचा, तोंडाला निमुळता, ब्रँडीचा असतो तसला. नसला तर वाईनचा. तिसरा हिस्साच भरायचा, हलवायचा, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यायचा. नाक एकदम आत घालू नका, अल्कोहोलचा झटका बसतो. ओतताना तपकिरी फेस येईल आणि मिनिटभरात विरून जाईल, बाटली खराब आहे असं समजू नका, एवढ्या अल्कोहोलला फेस टिकत नाही. पहिल्या घोटाला भाजलेली कॉफी आणि कडू चॉकलेट. दहा-पंधरा मिनिटांनी त्याच ग्लासात व्हॅनिला वर येतो, मग काकवी, काळे मनुके, आणि गिळल्यावर घशात बर्बनची ऊब. प्रत्येक घोटाला थांबायचं, बोलायचं, परत घ्यायचा. एक ग्लास तासभर पुरला पाहिजे.

आणि किती द्यायची ते हिशेबानं बघा. अर्धा लिटर गुणिले १४ टक्के म्हणजे ७० मिली शुद्ध अल्कोहोल. आपली व्हिस्की ४२.८ टक्क्यांची, म्हणजे ३० मिलीच्या स्मॉल पेगात साधारण १३ मिली. एका बाटलीत जवळजवळ साडेपाच स्मॉल पेग बसलेत की राव! चौघांत वाटली तर एकेकाला १२५ मिली, तेवढं भरपूर झालं. काकांना सांगा ही बिअर आहे म्हणून गटागटा मारू नका, आणि नंतर गाडी कुणी काढायची नाही.

शहापूरचा_गण्या:
१४ टक्के?? मग ही बिअर कशाला म्हणायची, आणि इथं कॅम्पात कुठल्या वाईन शॉपला मिळंल काय? का बर्बन मिसळतात आत?

खानापूरची_नाशकात:
गणू, इथं शोधू नकोस. आपल्याकडच्या नियमात स्ट्राँग बिअर म्हणजे ५ च्या वर ते ८ टक्क्यांपर्यंत, त्यापुढं बिअर म्हणून विकताच येत नाही. बाहेरनं येणाऱ्यानं सामानातनं आणायची, तीही माणशी दोन लिटरपर्यंत ड्युटीशिवाय.

बर्बन वरनं ओतत नाहीत रे. मी इथं वायनरीत कामाला आहे, बॅरल रोज बघते, म्हणून जरा सविस्तर सांगते. अमेरिकेत कायदाच असा आहे की बर्बन दर वेळी नव्या, आतनं जाळलेल्या ओक लाकडाच्या भांड्यातच मुरवायची. म्हणजे एकदा वापरलेलं बॅरल त्यांच्या बर्बनला परत चालत नाही. मग ही बॅरलं जातात कुठं? बरीचशी स्कॉटलंडला व्हिस्कीवाल्यांकडं आणि काही बिअरवाल्यांकडं. साधारण २०० लिटरचं एक बॅरल, रिकामं केलं तरी फळ्यांमध्ये बर्बन मुरलेली असतेच. त्यात आधीच आंबवून तयार केलेली जड स्टाउट भरतात आणि कित्येक महिने तशीच सोडतात. उन्हाळ्यात बिअर फुगून लाकडात शिरते, थंडीत परत बाहेर येते, येताना लाकडातलं घेऊन येते. व्हॅनिलाचा वास जो लागतो ना, तो कुठला इसेन्स असायलाच पाहिजे असं नाही, ओकमधलं लिग्निन, म्हणजे लाकडाला घट्टपणा देणारं द्रव्य, जाळताना फुटतं आणि व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचं द्रव्य, तयार होतं. ओल्या खोबऱ्यासारखा एक वास येईल, तो ओकमधल्या लॅक्टोन नावाच्या द्रव्याचा, अमेरिकन ओकला जास्तच. बर्बनमुळं टक्का थोडा चढतो, पण मुळात स्टाउटच तगडी असते. लंडनवाले अठराव्या शतकात रशियाच्या दरबाराला जी जड स्टाउट पाठवायचे ना, इंपीरियल म्हणतात ती, त्याच घराण्यातली ही. बर्बनचं बॅरल मात्र शिकागोवाल्यांनी नव्वदच्या दशकात आणलं.

निपाणी_एक्स्प्रेस:
सगळे एवढं कौतुक कराय लागलेत म्हणून माझंपण एक. मला ही जात फार आवडत नाही. एकदा प्यायलोय, पुण्याच्या मित्राकडं. गोडमिट्टाक, तिसऱ्या घोटाला जीभ चिकटते, आणि बर्बन एवढी पुढं येते की खालच्या स्टाउटचा पत्ताच लागत नाही. बर्बन प्यायची तर सरळ बर्बन घ्यावी की! काळी म्हणजे जड असं पण काय नसतं, गिनीज काळीकुट्ट असून ४.२ टक्क्यांचीच, रंग भाजलेल्या बार्लीचा असतो. माझं म्हणणं, काकांना आधी साधी स्टाउट पाजा. बेंगळुरूला कुणी जात असेल तर टॉइट म्हणून स्वतःची बिअर बनवणारा पब आहे, तिथं डार्क नाईट नावाची स्टाउट मिळते. तिचं कोरडं कडूपण कळलं म्हणजे मग बॅरलनं काय वाढवलं आणि काय झाकलं ते कळतं.

खाण्याचं सांगतो. भडंग, मिरचीची भजी, झणझणीत सुकं असलं काय नको, अल्कोहोल जास्त असलं की तिखट दुप्पट झोंबतं.

रात्रीची_बस_बेंगळुरू:
निपाणीकर, गोडाचं म्हणणं मान्य, म्हणून तर १२५ मिलीच द्यायची म्हणतोय. पण बर्बन पुढं येते ती बरेचदा ताज्या बाटलीत, नंतर बसते खाली.
खायला कुंदा घ्या, पण अगदी चमचाभर. दूध आटवून आटवून त्याला जो करपट गोडवा येतो तो या बिअरच्या भाजलेल्या चवीला बरोबर भिडतो. त्यापेक्षा मला करदंट आवडतं, डिंक आणि सुकामेवा, चावायला वेळ लागतो तेवढा घोट लांबतो. आणि एक खारट काहीतरी असू द्या, जुनं चीज नाहीतर नुसते खारे काजू.

खानापूरची_नाशकात:
दुसऱ्या बाटलीबद्दल कुणीच बोललं नाही. ठेवता येते, एक-दोन वर्षं आरामात. अल्कोहोलचा चटका कमी होतो, मनुका-खजुराची, शेरी या स्पॅनिश वाईनसारखी चव वाढते, कॉफी मात्र उतरते. फार ठेवली की ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, तो आला म्हणजे उशीर झाला. उभी ठेवायची, वाईनसारखी आडवी नाही, आणि उजेड नको. पत्र्याखाली तर मुळीच नको दादा, चाळिशीच्या जवळ जाणाऱ्या खोलीत सहा महिन्यांत म्हातारी होईल. तळमजल्यावर कुणाचं कपाट नसेल तर फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात टाका, मुरायला वेळ जास्त लागेल पण खराब होणार नाही.
आंबट लागली तर मात्र ते मुरणं नव्हे. याच बिअरच्या २०१५ च्या काही बाटल्यांत लॅक्टोबॅसिलस, म्हणजे आंबट करणारा जंतू, निघाला होता, कंपनीनं पैसे परत दिले आणि पुढच्या वर्षीपासनं पाश्चराइझ करून, म्हणजे तापवून जंतू मारून, भरायला लागले. त्यामुळं आताच्या बाटलीला ती धास्ती नाही.

टिळकवाडीकर:
जबरदस्त माहिती, सगळ्यांना धन्यवाद. अण्णांना साडेपाच पेगाचा हिशेब वाचून दाखवला, ते बर्फावरनं खाली उतरले, पण आता म्हणतात मग सोडा घालूया. काका म्हणतात गोड आहे तर मला नकोच, मी माझी रम आणतो. म्हणजे तिघंच राहिलो. उरली तर दुसऱ्या दिवशी चालते काय?

रात्रीची_बस_बेंगळुरू:
सोडा नको!! उरली तर तोंड घट्ट बंद करून फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी गॅस थोडा कमी असेल बाकी चव तीच. मी तर उरलेली व्हॅनिला आइस्क्रीमवर ओततो. पोरांपासनं लांब ठेवा तेवढं, वाटीत आइस्क्रीम दिसलं की ती विचारत नाहीत.