मदत हवी आहे : बहिणीला ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत सायकॉलॉजीला टाकायचं का?

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, दारव्ह्याकडचे. लहान बहीण यंदा बारावी सायन्स झाली, मार्क बरे आहेत पण मेडिकलची नीट परीक्षा दिलीच नाही कारण तिला सायकॉलॉजीच करायचंय. आमच्याकडे शेतकरी आत्महत्या थांबवायच्या सरकारी प्रेरणा प्रकल्पात आशाताई घरोघरी यायच्या ना, झोप लागते का, जेवण जाते का, जीव नकोसा वाटते का असे प्रश्न विचारायला, तेव्हापासून हे तिच्या डोक्यात आहे. तिनं मोबाईलवरूनच बेंगळुरूच्या क्राइस्ट युनिव्हर्सिटीचा फॉर्म भरला, एन्ट्रन्स दिली, इंटरव्ह्यू दिला आणि सिलेक्शन झाल्यावर घरी सांगितलं. आता रोज जेवताना हाच विषय.

बाबा म्हणतात "वेड्याइच्या डाक्टरकीसाठी एवढा पैसा कायले घालाचा". आजीचं वेगळंच, पोरगी किरिस्ताव होऊन येईन म्हणते. आणि मोठे काका म्हणतात हेच नागपूरला हिस्लॉपमध्ये होते, तेही मिशनरीचंच कॉलेज, मग बेंगळुरूले काहून? काकांचा मुद्दा मला पटतो पण बहिणीला ऑनर्सच, म्हणजे एकाच विषयात खोलात जाणारी डिग्री पाहिजे. तसं हिस्लॉप १८८३ चं, आमच्या इकडचे कितीतरी लोक तिथून शिकून आले, धर्म बदलून आलेला एक नाही ऐकला, पण हे आजीला कोण सांगेल.

विचारायचं हे की तिथं प्रार्थना, चर्च वगैरे कंपल्सरी असतं का? शिकवतात काय नेमकं? डिग्री झाल्यावर लगेच काम मिळते का? आणि सेमी इंग्लिशची पोरगी टिकेल का? फी भरायची तारीख जवळ आली आहे त्यामुळे लवकर सांगा, आणि प्लीज "ज्याची त्याची आवड" टाईप उत्तरं नकोत.

संत्रावाली : मी अशाच फादर लोकांच्या कॉलेजातून सायकॉलॉजी केली, घर काटोलकडे. आजीसाठी आधी. क्राइस्ट चालवणारे सीएमआय म्हणजे केरळातले कॅथलिक फादर, १९६९ ला कॉलेज सुरू केलं, २००८ पासून डीम्ड युनिव्हर्सिटी, म्हणजे विद्यापीठाचा दर्जा आहे. कार्यक्रमाच्या सुरुवातीला प्रार्थना, डिसेंबरात ख्रिसमसची धामधूम, आवारात चॅपल, हे अशा सगळ्याच कॉलेजात दिसते. पण संविधानाचं कलम २८(३) बघा, सरकारमान्य संस्थेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, पोरगी अठराच्या आत असेल तर पालकांची संमती लागते. आमच्या बॅचला मुस्लिम होत्या, बौद्ध होत्या, मी स्वतः चतुर्थी धरायची आणि मेसवाले साबुदाणा करून द्यायचे, तो गिचका व्हायचा ती गोष्ट वेगळी.

खरा त्रास धर्माचा नाही हो, हजेरीचा आहे. क्राइस्टला ८५ टक्के लागते. दिवाळीला आली आणि लग्न आहे म्हणून आठ दिवस जास्त राहिली असं चालत नाही, हे आईला आत्ताच सांगून ठेवा. वर सीआयए (वर्षभर चालणारं अंतर्गत मूल्यमापन) म्हणून असाइनमेंट, प्रेझेंटेशन चालूच असतात, शेवटच्या महिन्यात गाईड वाचून पास व्हायची सवय असेल तर अवघड जाईल.

आणि सायकॉलॉजी म्हणजे नुसतं बोलणं नाही. स्टॅटिस्टिक्स असते, स्टँडर्ड डेव्हिएशन, कोरिलेशन, मग प्रयोग, मग रिसर्च मेथड्स. हा विषयच मुळात लॅबमधून आलाय, वुंट नावाच्या शास्त्रज्ञानं १८७९ मध्ये जर्मनीत लाइपझिगला लॅब काढली तिथून. सायन्सवाली आहे तर उलट तिला सोपं जाईल, आमच्या वर्गात आर्ट्सवाल्या रडायच्या. इंग्रजीचं पहिलं सेमिस्टर जड जाते, मी वर्गात तोंडच उघडत नव्हती, मग होते सवय.

वर्धेकर : बाबांना सांगा की वेड्यांचा डॉक्टर म्हणजे सायकॅट्रिस्ट, त्याला एमबीबीएस आणि वर एमडी लागते, औषध तोच लिहितो. तुमची बहीण ते होणार नाही. आणि नुसत्या बीएस्सीवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टही होता येत नाही, त्याला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद, केंद्राची संस्था) नोंदणी लागते आणि ती त्यांनी मान्यता दिलेला कोर्स केल्यावरच. म्हणजे डिग्रीनंतर मास्टर्स आणि पुढचं धरूनच पैशाचा हिशोब करा, तीन-चार वर्षांचा नाही. घरी बसून डिस्टन्सनं करू असा पर्याय कोणी सुचवला तर ऐकू नका, यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून सायकॉलॉजी डिस्टन्स आणि ऑनलाइन दोन्हीकडे बंद केलंय.

माझं मत काकांच्या बाजूनं. डिग्री नागपूरला करा, पैसा मास्टर्ससाठी राखून ठेवा, खरा कस तिथं लागतो.

संत्रावाली : @वर्धेकर अर्धं पटलं. पण आलेली सीट सोडायला सांगणं सोपं असते, ती पुन्हा येत नाही. आणि नागपूरहून संघमित्रा एक्सप्रेस थेट बेंगळुरूला जाते, लई दूर नाही.

धागाकर्ता : दोघांचेही आभार. कलम २८ आजीला वाचून दाखवलं, ती म्हणे "मंग ठीक हाय, पण साबुदाणा भेटते ना?" बाबा अजून गप्प आहेत, मास्टर्सचं ऐकून अजूनच. आता लोनवर अडलंय. बँकेत गेलो तर म्हणाले सातबारा आणा, तारण लागेल. पण साडेसात लाखापर्यंतच्या शिक्षण कर्जाला केंद्राची गॅरंटी असते आणि तारण लागत नाही असं वाचलं. कोणी असं लोन घेतलंय का? मॅनेजरसमोर कोणता कागद ठेवला की तो ऐकतो तेवढं सांगा, सोमवारी परत जातोय.