पाचोळा जाळण्यापेक्षा
झाडलेला पाचोळा उचलायला पालिकेची गाडी वेळेवर येत नाही, मग जाळण्यावाचून इलाज काय, हे म्हणणं मला पटत नाही. ओलसर पानं नीट पेटत नाहीत, धुमसत राहतात. त्या धुरातले २.५ मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात. शेजारच्या तान्ह्या मुलांचा, दम्याच्या रुग्णांचा तरी विचार करा! झाडांच्या बुंध्याशी पाचोळ्याचा थर द्या (खोडाला टेकवू नका, साल कुजते). उरलेला जाळीच्या पिंजऱ्यात भरा. नुसती पानं फार हळू कुजतात. भाज्यांची देठं-सालं मिसळली, ओल टिकवली आणि मधूनमधून वरखाली केलं, तर काही महिन्यांत खत होतं. गाडीसाठी पाठपुरावा सोडू नकाच. तक्रार लेखी द्या, क्रमांक जपून ठेवा.