सोसायटीत हॅलोविन: मुलं दारोदार फिरणार, काय काय सांभाळायचं?

बी_विंग_आई
३१ ऑक्टोबरला आमच्या गोरेगावच्या सोसायटीत पोरं भुताखेतांचे पोशाख घालून 'ट्रिक ऑर ट्रीट' करत, म्हणजे दारोदार खाऊ मागत, फिरणार आहेत. तीन विंग, प्रत्येकी २२ मजले, ४ ते १२ वयाची ३८ मुलं, खाली पार्किंगचा रॅम्प. कमिटीने ७ ते ८.३० वेळ दिली आहे. ग्रुपवर सगळी चर्चा 'खाऊत कोणी काही घातलं तर' यावरच अडकली आहे. बाकी काय बघायचं?

टाकीवरचं_भूत
सीलबंद पाकीटच घ्यायचं, फाटलेलं टाकून द्यायचं. खाऊचा तो विषय एवढ्यात संपतो.

अमेरिकेत १९७५ ते २०१६ची आकडेवारी तपासली, तेव्हा हॅलोविनच्या संध्याकाळी पादचारी मृत्यूंचा धोका एक आठवडा आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के जास्त निघाला. म्हणजे तुमची काळजी रॅम्पची असायला हवी. मुंबईत त्या दिवशी सूर्य सहा वाजून गेले की मावळतो. सातला काळोख, आणि नेमक्या त्याच वेळी ऑफिसच्या गाड्या आत येतात. वेळ ५.३० ते ७ करून घ्या. रॅम्पच्या तोंडाशी टॉर्च घेऊन वॉचमन हवाच. काळ्या झग्याच्या पाठीवर आणि पिशवीवर चमकणारी रिफ्लेक्टिव्ह टेप लावा, हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

३८ जणांचे सात गट करा. प्रत्येक गटाला दोन मोठी माणसं, एक पुढे, एक शेवटच्या मुलाच्या मागे. दोघंही पुढे चालली की शेपटाकडचं पोर मागच्या मजल्यावर राहतं. ज्यांना मुलं यायला हवी आहेत त्यांनीच दारावर नारिंगी कागद लावावा. खाऊ उंबऱ्यावर घ्यायचा, आत पाऊल टाकायचं नाही, ओळखीचं घर असलं तरी.

जिना_आणि_लिफ्ट
लिफ्टबद्दल कोणीच बोलत नाही. आठ माणसांच्या लिफ्टवर ५४४ किलो लिहिलेलं असतं. पंधरा लहान मुलं मिळूनही तेवढं वजन होत नाही, म्हणजे ओव्हरलोडचा आवाज येत नाही आणि मुलं कोंबली जातात. मग दाराशी रेटारेटी होते. मोजणी वजनाने करू नका, डोक्यांनी करा: सहा मुलं आणि दोन मोठी माणसं.

आपोआप बंद होणाऱ्या दाराच्या सेन्सरला हात दिसतो, पण बारीक दोरी किंवा कापडी शेपूट निसटू शकतं. लिफ्टमध्ये शिरताना शेपूट आणि झग्याचं टोक हातात धरायला शिकवा. जुन्या जाळीच्या लिफ्टमध्ये तर हे आणखी महत्त्वाचं. झगा गळ्याशी गाठीने बांधू नका, वेल्क्रो लावा. कुठे अडकला तर तो सुटून येतो, गाठ आवळते. झग्याची कड घोट्याच्या दोन इंच वर.

हळदीकुंकू
भोंडल्याला खिरापत ओळखायलाही मुलं घरोघर जातातच, पण तेव्हा अंगावर नायलॉनची जाळी नसते! बाजारातल्या स्वस्त पोशाखाची जाळी पेटली की वितळून कातडीला चिकटते. २०२४ला ३१ ऑक्टोबर म्हणजे नरक चतुर्दशीच होती, दारोदारी पणत्या. दिवाळी जवळ आली असेल तर त्या दीड तासात खालच्या पणत्या उचलून ठेवायला सांगा. कपडे पेटलेच तर पळू द्यायचं नाही, जमिनीवर लोळवायचं. मग २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळदही नाही.

बी_विंग_आई
पणत्यांऐवजी बॅटरीचे दिवे ठेवायचं ठरतंय. ते सुरक्षित ना?

टाकीवरचं_भूत
आगीपुरते सुरक्षित. पण त्यांत बहुधा बटण सेल असतो, नाण्यासारखा, २० मिमीचा. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो. झाकणाला स्क्रू असलेलेच दिवे घ्या, त्यावर चिकटपट्टी लावा.

गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करायला लावू नका, थेट एक्स-रे असलेल्या हॉस्पिटलात न्या. मूल एक वर्षाच्या वरचं असेल, नीट गिळू शकत असेल आणि बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन छोटे चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा. मध शोधण्यात वेळ घालवू नका. डॉक्टरांना 'नाणं असेल' असं सांगू नका, बॅटरी म्हणा. एक्स-रेत बॅटरीची कड दुहेरी दिसते.

जिना_आणि_लिफ्ट
खाऊचं राहिलंच. तुमच्या गटातल्या चार-पाच वर्षांच्यांना लिमलेटसारख्या कडक गोळ्या, अख्खे शेंगदाणे आणि जेली देऊ नका, घशात अडकतात. शेंगदाण्याची किंवा दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्यांची यादी आधीच गोळा करा आणि प्रत्येक दारात पेन्सिल, स्टिकर, खोडरबर यांची वेगळी वाटी ठेवायला सांगा.

पूर्ण चेहऱ्याचा मुखवटा नको, बाजूचं दिसत नाही आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात श्वास कोंडतो. चेहरा रंगवायचा तर तोच रंग आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. होळीचे उरलेले रंग अजिबात नको.

बी_विंग_आई
वेळ ५.३०ची करून घेतली. कमिटीला रॅम्पचं लगेच पटलं, पणत्या उचलण्यावरून मात्र अजून कुरबुर चालू आहे.