मेकॅनिकलचं तिसरं वर्ष चालू आहे, डिग्री सोडून अग्निवीरला जाऊ का?

शिराळकर_मेक

नमस्कार. जरा मोठं लिहितोय, वाचून सांगा. मी शिराळा तालुक्यातला, मेकॅनिकलचं सहावं सेम चालू आहे, पाचव्यापर्यंत ऍग्रीगेट ६८ टक्के. कॉलेजला प्लेसमेंट नावालाच आहे. मागच्या बॅचची पोरं बघतोय, काही चाकण-रांजणगावला ट्रेनी म्हणून १६-१८ हजारावर लागलीत, काही पुण्यात एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसलीत, आणि एक जण तर गावात परत येऊन रसवंती चालवतोय आणि खरं सांगू का, सगळ्यात खूश तोच दिसतो.

मला लहानपणापासून आर्मीत जायचं होतं. मामा सुभेदार म्हणून रिटायर झालेत. आता अडचण अशी की यंदाची अग्निवीर भरती सोडली तर पुढच्या भरतीला मी वयात बसत नाही. ग्राउंडची तयारी आहे, १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत निघतं, पुलअप्स १० होतात. सोबत पळणारा मित्र म्हणतो अग्निवीर टेक्निकलचा फॉर्म भर, डिग्री घेऊन कोण कलेक्टर झालंय. आण्णा म्हणतात तीन वर्षं फी भरली ती काय पाण्यात घालू काय. मामा काहीच बोलत नाहीत, नुसतं हसतात. घरी दीड एकर ऊस आणि डोक्यावर एज्युकेशन लोन आहे, म्हणजे पैशाचा विचार करणं भाग आहे. काय करू?

चाकण_नाईटशिफ्ट

भावा, मी पण मेकॅनिकलवालाच, म्हणून आधी इकडचं खरं चित्र सांगतो. तू ऐकलंयस ते बरोबर आहे, व्हेंडर कंपनीत सुरुवात १५ ते २० हजारात होते, त्यातनं रूम आणि मेस गेली की हातात काय राहतं ते तूच मोज. पण लोक हे इथपर्यंतच सांगतात. पुढं काय होतं ते तू काय शिकतोस त्यावर आहे. माझ्याबरोबर लागलेला एक जण क्वालिटीत गेज लावत बसला तो अजून तिथंच आहे, दुसरा मेंटेनन्सला गेला, रात्रपाळीत सिनियरच्या मागं लागून पीएलसी (मशीन आपोआप चालवणारा कंट्रोलर) शिकला, आता रोबोट लाईन बघतो आणि त्याचा पगार मी इथं लिहिला तर तू उद्याच बॅग भरशील. मेकॅनिकल मेलेलं नाही, नुसतं मेकॅनिकल मेलंय. सोबत ऑटोमेशन किंवा डिझाईनचं एखादं सॉफ्टवेअर नीट हातात पाहिजे, क्लासच्या सर्टिफिकेटपुरतं नको.

आर्मीचं मला कळत नाही. पण तिसरं वर्ष होत आलं असताना कोण डिग्री सोडतं राव?

नाद_खुळा_४१६

मी उलट सांगणार. सगळे ज्ञान देतात, हिशोब कोण करत नाही. अग्निवीरला पहिल्या वर्षी पॅकेज महिना ३० हजार, चौथ्या वर्षी ४० हजार. त्यातले ३० टक्के कापून सेवानिधीत (आपली कपात आणि सरकारची तेवढीच भर, चार वर्षांनी एकरकमी) जातात, म्हणजे हातात २१ हजारापासून २८ हजारापर्यंत. चार वर्षांचं हातात येणारं मिळून ११ लाख ७० हजाराच्या आसपास होतं, आणि बाहेर पडताना सेवानिधी व्याजासकट साधारण ११ लाख ७१ हजार, त्यावर टॅक्स नाही. राहणं खाणं कपडे फुकट. आता चाकणच्या १७ हजारात चार वर्षांनी कुणाच्या खात्यावर एवढे पैसे दिसतात सांगा. लोन एका झटक्यात फिटेल. वर वर्दी. आणि ४८ लाखाचा विमा. पळायची तयारी असलेल्या पोराला घरात बसवून एसएसबी एसएसबी (ऑफिसर निवडीचा इंटरव्ह्यू) करायला लावणारे लोक स्वतः कधी पळालेले नसतात.

जुना_ईएमई_हवालदार

बाळ, मी ईएमईत (आर्मीचं गाड्या-यंत्रं दुरुस्तीचं दल) होतो, गाड्यांच्या वर्कशॉपला नोकरी गेली, भोपाळच्या सेंटरला ट्रेनिंग झालं. वरच्या पोराचा हिशोब चुकीचा नाही पण अर्धाच आहे. आमच्या वेळी १५ वर्षं झाली की पेन्शन बसायची, तिच्यावर माझी दोन मुलं शिकली. जून २०२२ ला अग्निपथ आलं तेव्हापासून जवान म्हणून आत जायचं तर बहुतेक करून अग्निवीर होऊनच. चार वर्षांनी शंभरातले जास्तीत जास्त २५ ठेवणार, बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, कॅन्टीन कार्डाचं पण विसरायचं. मी त्या पंचवीसमध्ये असेनच असं प्रत्येक पोरगा मला सांगतो. शंभरच्या शंभर सांगतात.

आणि मधेच कंटाळा आला, सोडतो म्हटलं तर तसं सोडता येत नाही, फार अपवादात्मक कारण लागतं. पहिली बॅच २०२२ च्या अखेरीला आत गेली, ती २०२६ च्या अखेरीपासून बाहेर येणार. निमलष्करी दलांत त्यांना राखीव जागा जाहीर केल्यात, चांगलं आहे, पण तिथं परत लाईनीत उभं राहायचंच की.

आता तुझ्या मामाचं. सुभेदार माणूस हसतो कारण त्याला माहीत आहे. त्यानं आयुष्यभर बावीस-तेवीस वर्षाच्या लेफ्टनंटला सॅल्यूट मारलाय, आणि तो लेफ्टनंट कोण होता, तर तुझ्यासारखाच डिग्री झालेला पोरगा. ज्यानं बारावी करून घरची वाट धरली त्याला मी अग्निवीर जा म्हणून स्वतः सांगतो, आमच्या गल्लीतले दोन पाठवले. तुझी गोष्ट वेगळी आहे. तुला दुसरं दार उघडं आहे आणि तू खिडकीतनं उडी मारायला निघालायस.

ओटीए_चेन्नई

काकांशी सहमत. मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करून एसएससी टेकमधून (इंजिनीअरना ठराविक वर्षांसाठी ऑफिसर म्हणून घेतात ती एन्ट्री) गेले, सिग्नल्सला (आर्मीचं दळणवळणाचं दल) होते, आता बाहेर पडून पुण्यात नोकरी करते. तुझ्या प्रश्नात एक गोष्ट तुला कोणी सांगितलेलीच दिसत नाहीये, म्हणून तू वयाच्या भीतीनं पळतोयस. अग्निवीरचं वय संपतंय, आर्मीचं नाही. इंजिनीअरसाठी टीजीसी (टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स) आणि एसएससी टेक या दोन्ही ऑफिसर एन्ट्रींना वय २० ते २७ आहे. लेखी परीक्षाच नाही. मार्कांवर शॉर्टलिस्ट करतात आणि थेट एसएसबीला बोलावतात. शेवटच्या वर्षाला असताना फॉर्म भरता येतो आणि तेव्हा सहाव्या सेमपर्यंतचं ऍग्रीगेट धरतात. तुझं सहावं सेम आत्ता चालू आहे ना? मग ग्राउंड सोडू नकोस पण हे सेम फोड, दोन टक्क्यांनी कटऑफ हुकलेली पोरं मी बघितलीत.

टीजीसीचं ट्रेनिंग डेहराडूनला आयएमएमध्ये (इंडियन मिलिटरी अकॅडमी), त्यात परमनंट कमिशन म्हणजे ऑफिसरची कायमची नोकरी मिळते, पण जागा सगळ्या ब्रँच मिळून तीसच्या आसपास आणि फक्त मुलांना. ६८ वर मेकॅनिकलला तिथं अवघड वाटतं. एसएससी टेकला साडेतीनशेच्या आसपास जागा असतात, मुलींच्या वेगळ्या, तिथं आशा आहे. ते १० वर्षांचं कमिशन, पुढं ४ वाढवता येतात किंवा परमनंटसाठी विचार होतो. १० वर्षांनी बाहेर पडलं तर पेन्शन नाही हे डोक्यात ठेव, ऑफिसरला त्यासाठी २० वर्षं लागतात. बेसिक ५६,१०० पासून, त्यावर मिलिटरी सर्व्हिस पे १५,५०० आणि डीए वगैरे वेगळं, ट्रेनिंगमध्ये सुद्धा स्टायपेंड ५६,१०० असतो.

आता जे लोक सांगत नाहीत ते. टेक्निकल एन्ट्री म्हणजे तुला इंजिन डिझाईन करायला देतील असं समजू नकोस. सुरुवातीची वर्षं तुझं काम माणसं सांभाळणं हेच असतं. कुणाची रजा, कुणाच्या घरचं जमिनीचं भांडण, कुणाची गाडी बंद पडली, रात्री दोन वाजता लाईन का तुटली. इंजिनीअरिंग नंतर येतं, कोर्सेसना पाठवतात, दापोडीचं सीएमई किंवा सिकंदराबादचं एमसीईएमई ही आर्मीची इंजिनीअरिंग कॉलेजं, काहींना आयआयटीत एमटेकला सुद्धा. ज्याला मशीनच आवडते, माणसं नाही, त्यानं चाकणच बघावं, आणि हे मी अजिबात टोमण्यानं लिहीत नाहीये.

नाद_खुळा_४१६

ताई ते सगळं ठीक, पण एसएसबीला पोरं पहिल्याच दिवशी घरी येतात की. इंग्लिश मिडियमवाल्यांचा खेळ आहे तो.

ओटीए_चेन्नई

पहिल्या दिवशी बरेच जण परत येतात हे खरं आहे, मी पण आलेय, भोपाळहून रात्रीच्या गाडीनं तोंड लपवत. पण इंग्रजीमुळं नाही. स्क्रीनिंगला चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात, मग ग्रुपमध्ये ती सांगायची. फाडफाड बोलणारे तिथं एकमेकांवर ओरडत बसतात आणि बाहेर पडतात. तोडकंमोडकं पण मुद्द्याचं बोलणारा आणि दुसऱ्याला बोलू देणारा राहतो. माझ्या बॅचला लातूरकडचा एक मुलगा होता, त्याचं इंग्रजी ऐकून आम्ही हसायचो, तो आज मेजर आहे.

आणि पाच दिवसांचा जो इंटरव्ह्यू असतो ना, तिथं "दुसरीकडं नोकरी मिळत नव्हती म्हणून आलो" हे तू तोंडानं नाही बोललास तरी कळतं. तुझं तसं वाटत नाही, पण पोस्टमध्ये तू प्लेसमेंट आधी लिहिलंस आणि आर्मी नंतर, हे बघ एकदा.

क्लासला हजारो रुपये घालू नकोस. नाशिक रोडला सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, महाराष्ट्रातल्या मुलांना सीडीएस (ऑफिसर भरतीची लेखी परीक्षा) आणि एसएसबीची तयारी फुकट करून घेतात, राहणं जेवण सकट. एसएसबीच्या कोर्सला टीजीसी वगैरेचं कॉल लेटर किंवा सीडीएस पास किंवा एनसीसीचं सी सर्टिफिकेट असं काहीतरी लागतं. सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचार, मामांना घेऊन जा, माजी सैनिक सोबत असला की तिथं चहा पण मिळतो.

चाकण_नाईटशिफ्ट

हे मला पण माहीत नव्हतं राव. माझं वय २६ आहे, एक वर्ष शिल्लक म्हणायचं 😅 बायको मारेल.

ओटीए_चेन्नई

लग्न झालं असेल तर टीजीसी आणि एसएससी टेक विसरा दादा, अविवाहितच लागतं.

शिराळकर_मेक

सगळ्यांचे आभार. रात्री मामांना हे सगळं वाचून दाखवलं. सॅल्यूटवालं ऐकून मोठ्यानं हसले आणि म्हणाले हवालदारसाहेबांना जयहिंद सांग. म्हणाले मी बोललो असतो तर तू म्हणाला असतास मामा डिग्रीवाल्यांची बाजू घेतो. तर आता अग्निवीरचा फॉर्म भरत नाही, सहावं सेम नीट करतो, सातव्यापासून अर्ज टाकतो. चाकणवाल्या दादाला पीएलसीचं कुठून सुरू करायचं ते विचारायचंय, मेसेज करतो, कारण एसएसबी नाही निघाली तर लोनचा हप्ता कुणी माफ करणार नाही.

एकच शंका राहिली. उजव्या हातावर कोपराच्या खाली, आतल्या बाजूला राजमुद्रा गोंदवलीय. चालेल का?

जुना_ईएमई_हवालदार

जयहिंद सांग त्यांना पण. कोपरापासून मनगटापर्यंत आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू चालते. दंडावर, मानेवर, छातीवर नाही चालत. आता हौसेनं दुसरं काढू नको. आणि टॅटूपेक्षा डोळे, कान, दात आणि गुडघे आत्ताच एका चांगल्या डॉक्टरला दाखवून घे, सपाट तळवे आहेत का तेही बघून घे, कानातला मळ काढ. एसएसबी निघाल्यावर मेडिकलला अनफिट होऊन घरी आलेली पोरं बघवत नाहीत. आत्ता कळलं तर बरंचसं वेळेत दुरुस्त होतं.