अमेरिकी कॉलेज आइस हॉकी: पोलमध्ये संघाला मत मिळते की त्याच्या कॉन्फरन्सला?

उत्तरध्रुव (मूळ लेखन)
अमेरिकेतील डिव्हिजन १ पुरुष हॉकीच्या हंगामात दर आठवड्याला यूएससीएचओ या कॉलेज हॉकीच्या संकेतस्थळाचा पोल, म्हणजे मतांवरून ठरणारी संघांची क्रमवारी, येतो. प्रशिक्षक आणि क्रीडा वार्ताहर मिळून ५० मतदार आपापले पहिले २० संघ लिहून देतात. माझा आक्षेप असा, की त्यांतील बरेच जण कॉन्फरन्सचे (मुख्यतः आपसांत खेळणाऱ्या संघांच्या गटाचे) नाव पाहून मत देतात. बिग टेन या कॉन्फरन्सचा संघ शुक्रवार-शनिवारी दोन्ही सामने हरला तर ‘वेळापत्रकच कठीण होते’ म्हणून त्याला सांभाळून घेतले जाते. अटलांटिक हॉकी या कॉन्फरन्समधल्या संघाला ही सवलत मिळताना दिसत नाही. वास्तविक बिग टेनने २०१३-१४ मध्ये हॉकीची स्पर्धा सुरू केल्यापासून २०२५ पर्यंत ११ राष्ट्रीय विजेतेपदे दिली गेली (२०२० ची स्पर्धा कोविडमुळे रद्द झाली), आणि त्यांपैकी एकही तिच्या वाट्याला आलेले नाही. त्याच हंगामात खेळू लागलेल्या एनसीएचसी या कॉन्फरन्सने ७ जिंकली, तर ईसीएसी आणि हॉकी ईस्ट या कॉन्फरन्सनी प्रत्येकी २. बिग टेनमधल्या मिशिगनचे शेवटचे विजेतेपद १९९८ चे आहे, मिनेसोटाचे २००३ चे. मग हा दबदबा कशाच्या जोरावर?

मिनियापोलिसकर
विजेतेपदे मोजून कॉन्फरन्सची ताकद ठरवणे मला मान्य नाही. राष्ट्रीय स्पर्धेत १६ संघ असतात आणि एक पराभव झाला की खेळ संपतो. २०२३ च्या अंतिम सामन्यात मिनेसोटा क्विनिपिॲककडून जादा वेळेच्या दहाव्या सेकंदाला हरले; त्या दहा सेकंदांतून बिग टेनविषयी नेमके काय सिद्ध झाले? आपल्याच निकषाने पाहायचे तर एनसीएचसीचा सेंट क्लाउड स्टेट हा संघ २०१८ आणि २०१९ मध्ये अग्रमानांकित असूनही पहिल्याच सामन्यात हरला, अनुक्रमे एअर फोर्स आणि अमेरिकन इंटरनॅशनल यांच्याकडून. हे दोन्ही विजेते अटलांटिक हॉकीचे होते. म्हणून एनसीएचसी दुबळी ठरते का?

आकडेमोड
पोलवर एवढी शाई खर्च करण्याचे कारणच मला समजत नाही, कारण स्पर्धेतील प्रवेशाशी त्याचा संबंध नाही. सहा कॉन्फरन्सविजेते थेट जातात आणि उरलेल्या १० जागा गणिताने भरल्या जातात. अनेक वर्षे वापरल्या गेलेल्या पेअरवाइज (संघांची दोघादोघांत तुलना करून क्रम लावणाऱ्या) पद्धतीच्या मुळाशी आरपीआय हा निर्देशांक होता, ज्यात संघाच्या स्वतःच्या निकालांना २५ टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या निकालांना २१ टक्के आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या निकालांना तब्बल ५४ टक्के वजन असे. नावाला भुलणारे डोळे तिथे नसतात.

उत्तरध्रुव
डोळे नसतात हे खरे, पण पूर्वग्रह त्या ५४ टक्क्यांतूनच आत येत असे. कॉन्फरन्सबाहेरचे बहुतेक सामने ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये उरकतात. जानेवारीनंतर संघ प्रामुख्याने आपसांत खेळतात आणि एकाचा विजय हा दुसऱ्याचा पराभव असल्यामुळे कॉन्फरन्सची सरासरी जवळपास आहे तिथेच राहते. म्हणजे शरद ऋतूतल्या मोजक्या सामन्यांवर मार्चमधील प्रवेश ठरतो. त्यातही ईसीएसीमधील आयव्ही लीगचे (हार्वर्ड, येल अशा विद्यापीठांच्या गटाचे) सहा संघ इतरांच्या कितीतरी नंतर हंगाम सुरू करतात आणि सरावलेल्या प्रतिस्पर्ध्यांसमोर थेट उभे राहतात. त्याची झळ संपूर्ण कॉन्फरन्सला बसते.

मिनियापोलिसकर
मग माणसांच्या मताची गरज आपणच सिद्ध केली! डिसेंबरअखेरीस बोस्टन कॉलेज किंवा मिशिगनसारख्या संघांतील उत्तम खेळाडू जागतिक ज्युनिअर स्पर्धेसाठी जातात, तेव्हा त्यांच्याविना झालेला पराभव सूत्रात पूर्ण पराभव म्हणूनच नोंदला जातो. तो समजून घेणे मतदारालाच शक्य आहे.

आकडेमोड
समजून घेण्याला मर्यादा आहे. २०१३ मध्ये येल कसेबसे शेवटच्या जागेवर स्पर्धेत आले, त्यांनी मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाला हरवले, आणि अंतिम सामन्यात ज्या क्विनिपिॲकने त्यांना त्याच हंगामात तीनदा नमवले होते त्यांचाच ४-० असा पराभव केला. सूत्राने निदान त्यांना दार उघडे ठेवले होते. मतदारांच्या हाती निवड दिली असती तर मिनेसोटाच्या नावापुढे येल टिकले असते, याची मला तरी खात्री वाटत नाही.

उत्तरध्रुव
माझी मागणी माफक आहे. पहिला पोल एकही सामना होण्याआधी येतो आणि तो निव्वळ नावावर उभा असतो. पुढचे पोल त्यालाच धरून सरकतात. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मतदान घेऊच नये.

मिनियापोलिसकर
त्या तारखेपर्यंत आपल्या आयव्ही संघांचे जेमतेम पाच-सहा सामने झालेले असतील. त्यांना मतदाराने कोणत्या आधारावर जागा द्यायची, तेवढे सांगा.